नाकाचं 'हाड वाढलंय' म्हणजे नक्की काय वाढलंय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या भाच्याचं नाक बंद झालंच म्हणून समजा. आडत दुकानात दिवसभर धुळीत बसायचं, रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं, पहाटे घसा लाकडासारखा कोरडा आणि खिशात मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉप्सची बाटली, असं चार वर्षं चाललं होतं. गेल्या वर्षी मिरजेला डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून ऑपरेशन सुचवलं, आणि घरात एकच गलका, "नाकाचं हाड वाढलंय, ते कापणार!"

नाकाचं हाड म्हणजे लोकांच्या मनात मधला पडदा. तो वाकडा असू शकतो, पण वाढलेलं ते नव्हतंच. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना तीन तीन वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात, भाच्याचं सुजलेलं ते हेच. सगळ्यात खालची सगळ्यात मोठी, आत पातळ हाड आणि त्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं मऊ आवरण. काहीजण आरशात ती गुलाबी गाठ बघून "नाकात मास वाढलंय" म्हणून घाबरतात. पॉलिप, म्हणजे नाकात खरंच नव्याने वाढणारा मऊ गोळा, वेगळा असतो, तो फिकट, सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो, टर्बिनेट मात्र जन्मापासून सगळ्यांनाच असतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हे आवरण रक्त भरून फुगतं आणि रक्त उतरलं की आकसतं, तेही दोन्हीकडे एकदम नाही, आलटून पालटून. काही तास डावी बाजू मोकळी, मग उजवी. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे नोंदवलं. घरी बघायचं असेल तर स्टीलचं थंड ताट नाकाखाली धरा आणि हळू श्वास सोडा, वाफेचे दोन डाग उमटतील, बहुतेक वेळा एक मोठा एक लहान, आणि तीन-चार तासांनी परत बघितलं तर बऱ्याचदा उलटं. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते ती पण याच रक्तामुळे. आपल्याकडे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून हे निरीक्षण फार जुनं आहे आणि ते खरंच आहे, पण उजवा स्वर चालू असताना सौदा केला तर फायदा होतो असं जे सांगतात त्याला काहीही आधार नाही, रक्तवाहिन्यांना बाजारभाव कळत नाही.

हे टर्बिनेट आत येणारी हवा गरम करतं, ओली करतं, धूळ अडवतं. ॲलर्जी असली की ते सतत सुजलेलं राहतं. त्याचं पुढचं टोक नाकाच्या सगळ्यात अरुंद जागेजवळ असतं, म्हणून थोडी सूजही फार जाणवते. संथ वाहणाऱ्या हवेसाठी गोल नळीची त्रिज्या अर्धी केली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, नाक गोल नळी नाही पण दिशा तीच. ड्रॉप्सने रक्तवाहिन्या आवळतात आणि पाच मिनिटांत मोकळं वाटतं, पण आठवडाभराच्या पुढे वापरत राहिलं की असर उतरताना सूज उलट वाढते, मग परत ड्रॉप्स. भाचा यातच अडकला होता.

आधी ॲलर्जीचा स्प्रे नियमित देऊन बघतात. त्याने भागलं नाही तरच ऑपरेशन. हल्ली बरेचदा आवरणाच्या आत सुईसारखं टोक घालून रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतला मऊ भाग भाजतात, तिथे व्रण होऊन काही आठवड्यांत तो आकसतो. हाडच रुंद असेल तर आतून थोडं काढतात किंवा बाहेरच्या बाजूला ढकलतात. वरचं आवरण शक्यतो राखायचं, हा यातला जीव आहे. पूर्वी काही ठिकाणी टर्बिनेट मुळापासून काढून टाकत, आणि अशातल्या काही रोग्यांचं नाक आतून भरपूर मोकळं असूनही त्यांना गुदमरल्यासारखं व्हायचं.

असं का? श्वास मोकळा आहे हे मेंदूला मुख्यतः गारव्यावरून कळतं. आवरणातल्या नसांवर टीआरपीएम-८ नावाचे गारवा ओळखणारे रिसेप्टर असतात. विक्स हुंगल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं ते मेंथॉल याच रिसेप्टरला चेतवतं म्हणून, हवेचा रस्ता तेवढाच अरुंद राहतो. आवरणच काढलं तर गारवा कळणार कुठून? म्हणून "सगळं साफ करून टाका डॉक्टर" असं सांगू नका, आणि नाकात औषध टाकून मास जाळून देतो म्हणणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका.

ऑपरेशननंतर भाच्याचं नाक पहिला आठवडा सुजून आधीपेक्षा जास्त बंद होतं, खपल्या पडत होत्या, मिठाच्या पाण्याने धुवायचं चालू होतं. दीड महिन्याने तोंड मिटून झोपायला लागला. स्प्रे चालूच आहे कारण ॲलर्जी काही ऑपरेशनने जात नाही. परवा ताईने त्याच्या नाकाखाली ताट धरलं, एक डाग मोठा एक लहान, आणि घाबरून मला फोन, "अरे, एक बाजू राहिलीच की!" मी म्हटलं, संध्याकाळी परत बघ. संध्याकाळी डाग उलटे होते.