२१ ची रेघ आणि काचबिंदूचे उपचार

मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह आला की इंदुरात, राजेंद्र नगर-लोकमान्य नगरसारख्या मराठी वस्त्यांतही, डोळे तपासणीची शिबिरं भरतात. हवेचा झोत मारून दाब मोजणारं यंत्र, भराभर सरकणारी रांग आणि शेवटी चिठ्ठीवर दोन आकडे: उजवा १८, डावा १९. "प्रेशर नॉर्मल है, आंटीजी." काकू निर्धास्त होऊन घरी जातात. हा निर्धास्तपणा २१ या एका आकड्यावर उभा आहे. त्याच्या खाली असाल तर बरे, वर गेलात तर आजारी, हा हिशेब दोन पिढ्या चालला. नवे उपचार कळायचे तर आधी हा आकडा आला कुठून ते बघावं लागतं.

फार जुनं थोडक्यात. सुश्रुतसंहितेतला अधिमंथ, म्हणजे डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना आणि सोबत अर्धं डोकं, हा डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट, म्हणजे कोन, अचानक बंद होऊन दाब चढतो त्या प्रकाराशी बराच जुळतो. १८५१ साली युरोपात डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण आलं आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस काचबिंदूत मरत जाते, तिच्या तोंडाशी पडलेला खड्डा जिवंत माणसात दिसू लागला. १८५७ मध्ये तीव्र झटक्यावर रंगीत पडद्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया, १८७० च्या दशकात दाब उतरवणारे पिलोकार्पिनचे थेंब, १९०५ मध्ये डोळ्यावर टेकवून दाब मोजायचं साधन. १९०९ मध्ये डोळ्याला बारीक गोल भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून देणारी शस्त्रक्रिया मद्रासहून जगभर गेली. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही.

आता २१. १९५८ साली जर्मनीत सुमारे १०,००० लोकांच्या डोळ्यांचे दाब मोजून प्रसिद्ध झाले. सरासरी निघाली १५.५ मिलिमीटर पारा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) साधारण २.५. सरासरीत दोन विचलनं मिळवली की २०.५ च्या आसपास आकडा येतो. तो पूर्ण करून २१ धरला गेला. बस, एवढंच. २१ च्या वर नस मरू लागते असं त्या मोजणीत कुणी पाहिलं नव्हतं, तो तिचा विषयच नव्हता. चारचौघांपेक्षा फार उंच असलेल्या माणसाला आपण आजारी म्हणत नाही, इथे मात्र नेमकं तेच झालं. शिवाय दाबाच्या आकड्यांची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी नसते, वरच्या बाजूला तिचं शेपूट लांब असतं. त्यामुळे दोन विचलनांचा नियम इथे चपखल बसत नाही, हे पुढच्या दशकातच दाखवून झालं होतं. तरी आकडा राहिला, कारण तो सोपा होता.

त्याची किंमत दोन्हीकडच्या लोकांनी मोजली. २१ च्या वरच्यांना नस शाबूत असताना पिलोकार्पिन सुरू होई: दिवसातून चार वेळा थेंब, भुवई ठणकते, बाहुली आवळल्यामुळे संध्याकाळी अंधारून येतं. १९७८ मध्ये टिमोलॉल हे नवं थेंबांचं औषध आलं आणि चाराचे दोन वेळा झाले, पण दमेकऱ्यांना ते चालत नाही. २१ च्या खालच्यांना मात्र घरी पाठवलं जाई. त्यांच्यातल्या कुणाची नजर कडेने जाऊ लागली की 'नॉर्मल टेन्शन' असं वेगळं नाव देऊन त्याला अपवादाच्या खान्यात टाकलं जाई. हा अपवाद नव्हता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत काचबिंदू सापडलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिल्या मोजणीतला दाब 'नॉर्मल' होता.

व्याख्या मग दाबावरून नसेवर सरकली. दाब हे कारण आहे, आणि आपल्या हातात असलेलं एकमेव कारण आहे, पण निदान नसेच्या खड्ड्यावर आणि फील्ड टेस्टवर, म्हणजे नजर कडेपर्यंत किती पोचते ते बघणाऱ्या तपासणीवर. त्यातही फील्ड टेस्ट उशिरा बोलते. तिच्यात काळा डाग उमटेपर्यंत नसेतल्या साधारण चौथा हिस्सा ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. म्हणून ओसीटी, म्हणजे नसेच्या थराची जाडी प्रकाशाने मोजणारी तपासणी.

१९९८ मध्ये दिसलं की 'नॉर्मल' दाबवाल्यांचाही दाब ३० टक्के उतरवला तर बिघाड मंदावतो. २००२ मधल्या दुसऱ्या अभ्यासाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. दाब २४ ते ३२, नस चांगली, अशा १,६३६ जणांपैकी अर्ध्यांना थेंब दिले, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. धोका निम्मा झाला, हे खरं. पण थेंब न टाकताही शंभरातल्या नव्वद जणांना पाच वर्षांत काही झालं नाही, हेही तितकंच खरं. पहिलं वाक्य औषधाच्या जाहिरातीत येतं, दुसरं क्वचितच. त्याच अभ्यासाने बुबुळाच्या, म्हणजे समोरच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्निया) जाडीकडे लक्ष वेधलं. बुबुळ पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवतं. लेसरने चष्मा घालवलेल्यांनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता ज्याचा त्याचा 'टार्गेट' दाब ठरवतात: सुरुवातीला स्वतःच्या मूळ दाबापेक्षा साधारण २० ते ३० टक्के कमी, नस फार खराब असेल तर १२-१३ पर्यंत. एकाला १८ चालतो, दुसऱ्याची त्याच १८ वर नजर जात राहते.

आपल्याकडे कोन अरुंद असण्याचं प्रमाण युरोपापेक्षा जास्त. आरसा असलेलं भिंग टेकवून कोन बघितल्याशिवाय ते कळत नाही, आणि रांगेच्या शिबिरात तेवढा वेळ नसतो. अरुंद दिसला की लेसरने रंगीत पडद्याला छिद्र, हा रिवाजही चीनमधल्या ८८९ जणांच्या सहा वर्षांच्या अभ्यासाने २०१९ मध्ये सैल केला: नुसत्या संशयितांत धोका मुळातच कमी निघाला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या अभ्यासात उघड्या कोनाच्या रुग्णांना थेंबांआधी लेसर (छिद्राचं नव्हे, पाण्याचा निचरा सुधारणारं) दिलं, तर तीन वर्षांनी चारातले जवळपास तीन जण थेंबांशिवाय होते. आपल्याकडे अजून थेंबांनीच सुरुवात करण्याची सवय आहे.

भारतात चाळिशीपुढचे १.१२ कोटी लोक काचबिंदूचे असावेत असा २०१० चा अंदाज आहे. दक्षिणेकडच्या पाहण्यांत सापडलेल्यांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांना आपला आजार माहीतच नव्हता. सरसकट सगळ्यांचा दाब मोजत फिरण्याने हे सुटत नाही, यावर बहुतेक तज्ज्ञांचं आता एकमत आहे. चष्म्याच्या नंबरासाठी किंवा मोतीबिंदूसाठी कुणी आला आणि वय चाळिशीपुढचं असलं, की त्याच भेटीत नस बघायची, हा मार्ग ते सुचवतात. ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, त्यांची नस आधी.