हजार जणांना विचारून सोलापूरचा कल कळतो का?

"लाखो मतदार आणि विचारलं फक्त हजारांना, अंदाज चुकणारच!" हे खरं नाही. चिठ्ठी टाकून निवडलेल्या १,००० जणांत चूक शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ३ टक्के कमी-जास्त एवढीच राहते, मतदारसंघ सोलापूर असो की अख्खा महाराष्ट्र. घात होतो निवडीत. १९३६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एका अमेरिकी साप्ताहिकाने २० लाखांवर उत्तरं गोळा करूनही रूझवेल्ट हरणार असं सांगितलं; ते दणदणीत जिंकले.

दुपारी सोलापुरातल्या नवी पेठेच्या बाजारात उभं राहून विचारलं, तर पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार सुटतातच. म्हणून मतदार यादी घ्यावी. एका मतदान केंद्राच्या यादीत १,२०० नावं असतील आणि ३० हवी असतील, तर १ ते ४० मधला आकडा चिठ्ठीने काढून पुढे दर चाळिसावं नाव घ्यावं. घराला कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्याला मुळीच विचारू नये. संध्याकाळी पुन्हा जावं, पूर्व भागातल्या तेलुगू भाषिकांसाठी तेलुगू बोलणारा सोबत घेऊन.