जुन्या सागवानाला खोबरेल पाजू नका

‘जुन्या लाकडाला अधूनमधून तेल पाजावं, नाहीतर ते सुकून तडकतं’ हा समज घरोघरी आहे. पण कापलेल्या लाकडाला पोषण लागत नाही. ते तडकतं ते हवेतला दमटपणा कमी-जास्त झाल्याने. आणि खोबरेल तर वाळतच नाही. कपाटाच्या नक्षीत नख फिरवून बघा, काळा चिकट थर निघेल: तेल आणि धूळ. त्यावर नवं पॉलिशही धरत नाही.

जवसाचं तेल वाळतं, पण त्यात भिजलेले कापडाचे बोळे चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

नवं पॉलिश करायचं असेल तर आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासा. पृष्ठभाग चिकटला तर पॉलिश लाखेचं आहे. मग कृपा करून रंधा मारू नका! मळ काढून स्पिरिटमधल्या लाखेचे पातळ हात दिले की जुन्यात नवं मिसळून जातं.