देणगीची पावती: खासगी मेडिकलची फी इथवर कशी आली

नीट एकच, अभ्यासक्रम एकच, साडेचार वर्षं वर्गात-वॉर्डात आणि वर्षभराची इंटर्नशिप हेही सगळीकडे सारखंच. तरी महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या फीचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर ते एकाच पदवीचे आहेत यावर विश्वास बसत नाही. सरकारी महाविद्यालयात वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांच्या आसपास. अभिमत (‘डीम्ड’) विद्यापीठात वीस लाखांच्या पुढे, काही ठिकाणी पंचवीसच्याही वर. त्यात वसतिगृह, मेस, पुस्तकं, परीक्षा शुल्क धरलं की अभिमतमधली पदवी कोटीच्या पलीकडे सहज जाते. डॉक्टर घडवायला खरंच एवढा खर्च येतो का, असं पालक विचारतात. त्याचं अर्धंच उत्तर ताळेबंदात सापडतं. बाकीचं गेल्या चाळीस वर्षांत सरकारने काय सोडून दिलं आणि न्यायालयांनी काय सावरायचा प्रयत्न केला, यात आहे.

सुरुवात महाराष्ट्राबाहेरची. १९५३ साली डॉ. टी. एम. ए. पै यांनी मणिपालला कस्तुरबा मेडिकल कॉलेज काढलं. सरकारी अनुदान न घेता, विद्यार्थ्यांकडून आलेल्या पैशावर मेडिकल कॉलेज उभं राहू शकतं, हे तिथे पहिल्यांदा दिसलं. विद्यार्थ्यांना रुग्ण बघायला मिळावेत म्हणून मंगळूरच्या सरकारी वेनलॉक हॉस्पिटलचा आधार घेतला होता, हा तपशील सहसा कुणी सांगत नाही. पुढे बेळगाव, गुलबर्गा, दावणगेरे इथेही खासगी महाविद्यालयं निघाली. प्रवेशाच्या वेळी एकरकमी घ्यायच्या पैशाला कागदावर ‘कॅपिटेशन फी’ म्हणत, बोलताना ‘डोनेशन’. कोल्हापूर-सोलापूरकडची ऐपतदार घरं तिकडे मुलं पाठवू लागली.

महाराष्ट्रात तोवर वैद्यकीय शिक्षण म्हणजे सरकार किंवा महापालिका. १८४५ चं मुंबईचं ग्रँट मेडिकल, केईएमला जोडलेलं १९२६ चं जी. एस., पुण्याचं बी. जे., नागपूर, औरंगाबाद, मिरज, सोलापूर, मग अंबाजोगाई. सेवाग्रामचं १९६९ चं महाविद्यालय ट्रस्टचं, पण सरकारी मदतीवर चालणारं. फी नाममात्र होती, जागा मोजक्या होत्या आणि गुणवत्ता यादी एका गुणाने हुकलेल्या मुलांची संख्या दरवर्षी वाढत होती. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. आपली मुलं आणि आपला पैसा कर्नाटकात जातोय, तो इथेच का राहू नये, हे त्यामागचं गणित. सरकारकडे नवी महाविद्यालयं काढायला पैसा नाही, ही उघड कबुलीही त्यात होती.

सुरुवात अभियांत्रिकीने झाली, पण मेडिकलनेही फार वाट पाहिली नाही. लोणी, कराड, अमरावती ही महाविद्यालयं १९८४ ची. १९८९-९० च्या सुमारास पुण्यात भारती विद्यापीठ, कोल्हापूर आणि नवी मुंबईत डी. वाय. पाटील, औरंगाबाद आणि नवी मुंबईत एमजीएम, वर्ध्याजवळ सावंगी, नागपूर, धुळे, लातूर अशी रांगच लागली. यादीतली नावं पाहिली की सहकारी कारखाने, विधानसभा आणि मंत्रिमंडळ यांची ओळख पटते. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द वर्तमानपत्रांत याच काळात रुळला. निव्वळ टीका म्हणून तो वापरणं मात्र मला अर्धवट वाटतं. लोणीसारख्या गावात पाचशे खाटांचं रुग्णालय सरकारने उभं केलं नसतं. ते उभं राहिलं आणि आसपासच्या तालुक्यांना त्याचा उपयोग झाला. त्याची किंमत कुणी मोजली, हा वेगळा प्रश्न. ती मोजली प्रवेश घेणाऱ्या पोराच्या बापाने.

मेडिकलचं गणित इतर अभ्यासक्रमांपेक्षा वेगळं असतं ते या खाटांमुळेच. अभियांत्रिकीला इमारत, कार्यशाळा आणि प्राध्यापक मिळाले की वर्ग सुरू होतो. मेडिकलला आधी रुग्णालय लागतं आणि त्यात रुग्ण लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटा आणि ८५ अध्यापक हवेत. ढोबळ हिशेब मांडू. १०० जागा, साडेचार वर्षं, म्हणजे एका वेळी साधारण ४५० विद्यार्थी. वर्षाला दहा लाख फी धरली तर ४५ कोटी जमा होतात. अध्यापकाचा सरासरी पगार महिना दीड-दोन लाख धरला तर ८५ जणांवर पंधरा ते वीस कोटी जातात. उरलेल्यातून निवासी डॉक्टरांचं विद्यावेतन, परिचारिका, औषधं, वीज, यंत्रं आणि रुग्णालयाचा तोटा. ग्रामीण भागात खाटा भरलेल्या ठेवायच्या तर उपचार फुकट किंवा नाममात्र दरात द्यावे लागतात. म्हणजे दहा लाख ही फी हवेतली नाही. पण हाच हिशेब पंचवीस लाखांनी केला तर जमा होतात एकशे बारा कोटींच्या आसपास, आणि मग रुग्णालयाचा किती भार विद्यार्थ्यावर टाकायचा, हा प्रश्न टाळता येत नाही. फी ठरवताना संस्था आणि नियामक यांच्यात खरी ओढाताण इथेच होते.

डोनेशनची ओरड वाढल्यावर कायदे आले. कर्नाटकाने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घातली. मग झालं एवढंच, की पावती मिळेनाशी झाली. १९९२ चा मोहिनी जैन खटला या काळाचं चित्र नेमकं दाखवतो. कर्नाटक सरकारच्या अधिसूचनेनुसार खासगी महाविद्यालयातल्या सरकारी जागेची फी वर्षाला दोन हजार, इतर कन्नडिग विद्यार्थ्यांना २५ हजार आणि परराज्यातल्यांना ६० हजार होती. मेरठच्या या मुलीला तुमकूरच्या महाविद्यालयाने पहिल्या वर्षाचे ६० हजार आणि पुढच्या वर्षांच्या फीसाठी बँक गॅरंटी मागितली. शिवाय साडेचार लाख मागितल्याचा तिचा आरोप होता, व्यवस्थापनाने तो नाकारला. हे सरकारमान्य दर म्हणजे कॅपिटेशन फीच आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं आणि शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला.

हा निकाल तसाच लागू झाला असता तर निम्मी खासगी महाविद्यालयं बंद पडली असती. म्हणून १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी मधला मार्ग काढला. निम्म्या जागा ‘फ्री सीट’, सरकारी दराने, गुणवत्तेवर. उरलेल्या निम्म्या ‘पेमेंट सीट’. म्हणजे पेमेंट सीटवरचा विद्यार्थी शेजारी बसलेल्या फ्री सीटवाल्याचाही खर्च उचलणार. कागदावर कल्पना सुरेख होती. प्रत्यक्षात दिसलं असं, की फ्री सीट बऱ्याचदा महागड्या शाळा-क्लासमधून आलेल्या शहरी मुलांना मिळत आणि पेमेंट सीटसाठी गावाकडचा बाप जमीन विके. २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली तेव्हा नेमकं हेच वैगुण्य पुढे आलं होतं.

आजच्या फीचा पाया त्या २००२ च्या निकालात आहे. खासगी संस्थेला आपली फी ठरवायचा अधिकार आहे, वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही. वाजवी म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नाही. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी खटल्यात फी तपासायला निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आल्या. महाराष्ट्रात शिक्षण शुल्क समिती बसली ती त्यातूनच. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार, हा पुण्यातून गेलेला खटला, सात न्यायमूर्तींपुढे निकाली निघाला. विनाअनुदानित संस्थांवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही, हे ठरलं. एनआरआय विद्यार्थ्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवायलाही मुभा मिळाली. पुढे ‘एनआरआय’ची व्याख्या मामा-काका-आत्यापर्यंत ताणली गेली. त्या १५ टक्क्यांची फी आजही इतर जागांच्या कित्येक पट असते.

तोवर डोनेशन पांढरं व्हायला लागलं होतं. फी खर्चावर आधारित म्हणून वाढवून मंजूर करून घेता येत असेल, तर पिशवीतून रोकड घ्यायची गरज कमी होते. एका अर्थी पालकांचीही सोय झाली, कारण पावती मिळाली की बँक कर्ज देते. सोय झाली, स्वस्ताई नाही. जी रक्कम आधी एकदाच आणि चोरून द्यावी लागे, ती आता दरवर्षी चेकने द्यावी लागते, व्याजासकट.

राज्याच्या समितीच्या हाताबाहेर जायची वाट मात्र वेगळीच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या तिसऱ्या कलमाखाली संस्था ‘अभिमत’ होऊ शकते. भारती विद्यापीठ १९९६ मध्ये झालं, आणि २००२ ते २००६ या चार-पाच वर्षांत नवी मुंबई, लोणी, पिंपरी, कराड, सावंगी, कोल्हापूर अशा बऱ्याच संस्था त्या वाटेने गेल्या. अभिमत झालं की राज्याची फी समिती लागू होत नाही, परीक्षा आपली, पदवी आपली, आणि तेव्हा तर प्रवेश परीक्षाही आपली. टीएमए पै निकालानंतरच्या वर्षांतच ही धाव का लागली, हे ओळखायला फार डोकं चालवावं लागत नाही.

दिल्लीतही एक बाजार उभा राहिला होता. १९९३ नंतर नव्या महाविद्यालयाला केंद्राची परवानगी सक्तीची झाली आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या तपासणीला महत्त्व आलं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी जीपमधून रुग्ण आणून खाटा भरायच्या, कागदावरच्या प्राध्यापकांना एका दिवसासाठी बोलवायचं, हे प्रकार क्षेत्रातल्या कुणालाही नवे नाहीत. २०१० मध्ये परिषदेचे अध्यक्ष केतन देसाई यांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली आणि परिषद बरखास्त झाली. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. २०२५ मध्ये सीबीआयने पुन्हा तपासणीतल्या लाचखोरीवरून गुन्हा नोंदवला. म्हणजे नाव बदललं, एवढं तरी खात्रीने म्हणता येतं. मान्यता मिळवायला गेलेला पैसाही शेवटी कुठल्या तरी फीतूनच वसूल होतो.

नीटने प्रवेशातला गोंधळ बराच कमी केला. २०१३ ची पहिली नीट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, २०१६ मध्ये तोच निर्णय मागे घेतला, आणि २०१७ पासून अभिमतच्या जागाही केंद्रीय समुपदेशनातून जाऊ लागल्या. संस्थाचालकांच्या संघटनेची ‘असो-सीईटी’ इतिहासजमा झाली. पण नीट फक्त रांग लावते, खिसा तपासत नाही. वरचा क्रमांक असलेला मुलगा फीचा आकडा बघून पुढे सरकतो आणि त्याच्या कितीतरी खाली असलेला ती जागा घेतो. फेरी क्रमांक तीन, मग उरलेल्या जागांची शेवटची ‘स्ट्रे व्हेकन्सी’ फेरी, असं करत यादी लाखांच्या क्रमांकापर्यंत घसरते ती याच कारणाने. एजंटांचा धंदाही पूर्ण बसला नाही. ‘शेवटच्या फेरीत करून देतो’ असं सांगणारे फोन निकालानंतर आजही येतात.

फीवर थेट लगाम घालायचे प्रयत्न झाले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण नेमलं. आंध्रात २०१७ मध्ये सरकारनेच एमबीबीएसची फी सातपट करून वर्षाला २४ लाखांवर नेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ फेटाळताना शिक्षण हा नफ्याचा धंदा नाही, असं सुनावलं. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला राष्ट्रीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, की खासगी आणि अभिमत महाविद्यालयांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाइतकी असावी. वाचणाऱ्याला १९९३ च्या फ्री सीटची आठवण यावी. उरलेल्या निम्म्यांवर बोजा किती वाढणार, हा प्रश्नही तेव्हाचाच. प्रकरण न्यायालयांत गेलं आणि बहुतेक ठिकाणी सूचना कागदावरच राहिल्या.

जागा वाढल्या की फी उतरेल, हाही एक अंदाज होता. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, दहा वर्षांत त्या दुपटीहून अधिक झाल्या. पण २०२४ ची नीट दिली २३ लाखांहून अधिक मुलांनी, आणि सरकारी जागा एकूण जागांच्या निम्म्याच्या आसपास. इतकी मागणी असताना भाव कशाला उतरेल? त्यातूनच तिबिलिसी, बिश्केक, मनिला आणि रशियातली शहरं मराठी पालकांच्या बोलण्यात आली. २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा युक्रेनमध्ये हजारो भारतीय विद्यार्थी का होते, याचं कारण इथल्या फीच्या तक्त्यात होतं.

सध्या महाराष्ट्रात परिस्थिती अशी आहे. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना, प्रवर्गाच्या अटींसह, २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. त्या आधीपासूनची राजर्षी शाहू योजना निम्मं शुल्क देते. दोन्हींसाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. म्हणजे सवलत जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच ती नाही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि तारण म्हणजे घर किंवा शेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशांच्या एका प्रकरणात खासगी आणि अभिमत संस्थांनी समुपदेशनाआधीच शिक्षण शुल्क, वसतिगृह, अनामत आणि किरकोळ आकार असा सगळा तपशील जाहीर करावा, असा आदेश दिला. कारण ‘ट्यूशन फी’ म्हणून छापलेला आकडा आणि प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर भरावा लागणारा आकडा यांत अजूनही काही लाखांचं अंतर पडू शकतं. विकल्प भरायच्या आधी पालकांनी महाविद्यालयात फोन करून विचारायचं ते हेच.