आगमनकाळातलं दान : आधी उपवास, मग पाकीट

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी चर्चच्या बाकावर एक लहानसं पाकीट ठेवलेलं दिसतं. वर नावासाठी रेघ, खाली रकमेसाठी चौकट. कुणी ते उघडून पाहतं, कुणी घडी करून प्रार्थनापुस्तकात सरकवतं. नाताळ तोंडावर आला की दानाची आवाहनं का वाढतात, हे विचारलं तर बहुतेकजण सणाच्या आनंदाकडे बोट दाखवतात. इतिहासात मागे गेलं की मात्र या दानाचं मूळ अर्ध्या रिकाम्या ठेवलेल्या ताटात सापडतं.

रविवार आणि दान यांची गाठ तर आगमनकाळ अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीची. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, असं संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना कळवलं होतं. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं, त्यात जमलेली रक्कम कुठे जाते तेही लिहिलं : अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके वाटसरू. देणारा स्वखुशीने, स्वतःला वाटेल तेवढं देई. पुढे तिसऱ्या शतकाच्या मध्यावर एकट्या रोमची ख्रिस्तसभा, म्हणजे तिथला ख्रिस्ती समाज, १,५००हून अधिक विधवा आणि गरजूंना सांभाळत होती. पोप कॉर्नेलियस यांच्या पत्रातच ही नोंद आहे. छळाच्या दिवसांत एवढा संसार चालवणारी ती माणसं होती, हे वाचताना मी दरवेळी थांबतो.

नाताळच्या तयारीचा काळ पुढे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, आकाराला आला. पाचव्या शतकात तूरचे बिशप पर्पेट्युअस यांनी संत मार्टिन यांच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला. सहाव्या शतकात माकोंच्या धर्मपरिषदेने त्याचे वार ठरवले : सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुरुवातीचा दिवस मार्टिन यांचा असावा, यात मला फार अर्थ दिसतो. आमियां शहराच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी बसला होता. तरुण शिपाई मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला. त्या रात्री स्वप्नात तोच अर्धा झगा पांघरलेला ख्रिस्त त्याला दिसला. मार्टिनचा अजून बाप्तिस्माही झाला नव्हता. ‘चॅपल’ हा शब्द त्या झग्याच्या लॅटिन नावावरून आला आहे.

रोमच्या आगमनकाळाला त्याचं रूप नंतर मिळालं, पण डिसेंबरचा उपवास तिथे आधीपासून होता. पाचव्या शतकातले पोप लिओ त्याची घोषणा अगदी साध्या शब्दांत करीत : बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करू, शनिवारी संत पेत्राच्या मंदिरात जागर करू. त्यांच्या प्रवचनांत एक धागा पुन्हा पुन्हा येतो. आपण जे खाल्लं नाही ते गरिबाच्या पोटात गेलं पाहिजे. दानावाचून उपवास म्हणजे नुसते शरीराचे हाल. त्या काळी श्रद्धा, उपास आणि दान हा एकच व्यवहार होता. शतकं लोटली, आगमनकाळातला उपवास सैल होत होत सुटला आणि दान तेवढं एकटं मागे राहिलं. पाकिटात पैसे घालताना आपल्याला काहीच सोडावं लागत नाही, ही रुखरुख तिथून सुरू होते असं मला वाटतं.

दान नीट पोचवायचं कसं, हा प्रश्नही जुनाच. त्यावरचं मला सर्वांत प्रिय उत्तर फ्रान्समधल्या शातियों या गावाचं आहे. १६१७च्या ऑगस्टमधला एक रविवार. मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, तयारी करत असताना तिथले धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल यांना निरोप आला की एका घरातली सगळी माणसं आजारी आहेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. प्रवचनात त्यांनी ते सांगितलं आणि दुपारी त्या घराकडे निघाले, तर वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या बायांची रीघ लागलेली! आज एवढं अन्न, त्यातलं बरंच नासणार, आणि उद्या पुन्हा उपासमार. मोठी दया, पण घडी बसवलेली नाही, हे त्यांनी ओळखलं. बायांनी पाळ्या लावून घेतल्या आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला, ऐन आगमनकाळात, त्यांचा संघ रीतसर उभा राहिला. त्यांच्या नियमावलीत एक बारीक सूचना आहे. ज्याच्याजवळ कुणी आहे अशा रुग्णापासून सुरुवात करावी आणि एकट्या रुग्णाकडे शेवटी जावं, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल.

दोनशे वर्षांनी त्याच व्हिन्सेंटच्या नावाने पॅरिसमध्ये विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे सोबती एकत्र आले. तारीख २३ एप्रिल १८३३. त्या दिवशी ओझानामला वीस वर्षं पूर्ण झाली. सिस्टर रोझली रांदू यांनी त्यांना गरिबांच्या घरांची वाट दाखवली. त्यांच्या संस्थेत बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरते. कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे येशूचं सांगणं तिथे अक्षरशः पाळलं जातं.

वेदीजवळ आपण जे आगमनचक्र, म्हणजे मेणबत्त्यांचं वर्तुळ, ठेवतो, तेही गरिबांच्याच घरातून आलं आहे. हॅम्बुर्गमध्ये लुथरन पाळक योहान विकर्न निराधार मुलांचं वसतिगृह चालवीत. नाताळ कधी येणार, म्हणून मुलं रोज विचारीत. १८३९मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान. कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र १९२५च्या सुमारास कोलोनमध्ये पोचलं.

आजच्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या समाजात, पाकीट कशासाठी, याचं उत्तर कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधानात, म्हणजे कायद्यात, आहे. उपासना, सेवाकार्य आणि धर्मगुरूंचा निर्वाह यांचा भार भाविकांनी उचलायचा आहेच, पण त्यांनी आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करावी, हेही तिथे वेगळं नोंदलं आहे. ठरावीक कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाला लावावा लागतो आणि दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे मांडावा लागतो. म्हणून पाकिटावर ‘कशासाठी’ हे लिहिलेलं असावं, आणि नसेल तर निःसंकोच विचारावं.

२०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘गरिबांचा जागतिक दिन’ जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून तो पाळला जाऊ लागला. तो येतो आगमनकाळाच्या बरोबर दोन आठवडे आधीच्या रविवारी, म्हणजे मार्टिन यांच्या सणानंतर जेमतेम काही दिवसांनी.