सायकलीत दडलेलं कोळपं

माणसाला किती नवं सुचतं, हे मोजायचं कसं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली तिथल्या मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना जरा खडसावूनच सांगितलं होतं, की सगळे बुद्धिमत्तेच्या मागे लागलेत, सर्जनशीलतेकडे बघायला कोणाला वेळ नाही. पुढे त्यांनी काही चाचण्या तयार केल्या. त्यातली एक आजही जगभर वापरतात आणि ती अगदी साधी आहे. एक वीट समोर आहे असं समजा आणि तिचे सुचतील तेवढे उपयोग सांगा.

रावेर-यावलकडे ही चाचणी घ्यायची तर विटेऐवजी केळीचं सोपट, म्हणजे खोडाचा पापुद्रा, द्यावं. पहिली उत्तरं सगळ्यांची सारखीच येतील. बांधायला दोरी, कुजवून खत, जमिनीवर आच्छादन. मग माणूस थांबतो, डोकं खाजवतो. ज्यानं सोपट हातानं सोललेलं असतं, तो थोड्या वेळानं म्हणतो, ‘याच्या आत हवेचे कप्पे असतात, पाण्यावर तरंगतं हे.’ आता तराफा आला, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधायचा तरंगा आला, उन्हात पाण्याच्या भांड्याभोवती गुंडाळायची गादीही आली. गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं होतं की अशा यादीत उशिरा येणारी उत्तरं आधीच्यांपेक्षा जास्त वेगळी असतात. तसं का होतं, याचा शोध ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये घेतला. त्यांनी लोकांना मोठ्यानं बोलत विचार करायला लावलं. सुरुवातीची उत्तरं निव्वळ आठवणीतून येत होती, कुठेतरी पाहिलेली, ऐकलेली. आठवणी संपल्यावर माणसं वस्तूचे गुणधर्म चाचपू लागत, तिचे मनातल्या मनात तुकडे करू लागत. नवी उत्तरं तिथून निघत होती.

मनातल्या मनात तुकडे करणं, हीच या सगळ्या विषयातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट. ती वाटते तितकी सोपी नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. टेबलावर मेणबत्त्या, काड्यापेटी आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर उभी करायची आहे. लोक मेणबत्तीलाच टाचणी मारतात, मेण वितळवून चिकटवायला बघतात. खरं उत्तर असं, की खोकं रिकामं करायचं, ते टाचण्यांनी भिंतीला ठोकायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. गंमत म्हणजे तेच खोकं रिकामं ठेवलं तर कितीतरी जास्त लोकांना हे उत्तर सापडतं. टाचण्या आत असल्या की खोकं म्हणजे टाचण्यांचं भांडं, एवढंच डोळ्यांना दिसतं. मानसशास्त्रात याला ‘फंक्शनल फिक्सेडनेस’ म्हणतात. एखादी वस्तू एका कामाला जुंपली की दुसऱ्या कामासाठी ती आपल्याला दिसेनाशीच होते.

हा दोष उपजत नसतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना असाच पेच घातला, तेव्हा खोकं भरलेलं आहे की रिकामं, यानं त्यांना काहीच फरक पडला नाही. सहा-सात वर्षांची मुलं मात्र मोठ्यांसारखीच अडखळली. म्हणजे जगाची माहिती वाढली की ही अडगळ सोबत येते. घरातला पाच वर्षांचा पोरगा वरवंट्याला ट्रॅक्टर करून ओसरीभर फिरवतो आणि आपण त्याच्यावर ओरडतो, त्यात कोणाचं नजरेचं बळ जास्त असतं हे सांगायला नको.

मोठ्यांना यातून सुटका आहे का? अमेरिकेतले संशोधक टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ मध्ये एक साधी रीत मांडली. वस्तूचे भाग करत जायचं आणि प्रत्येक भागाशी दोन प्रश्न विचारायचे. याचे आणखी तुकडे होतील का? मी याचं जे वर्णन करतोय, त्यात त्याचं काम आधीच शिरलंय का? मेणबत्ती म्हणजे मेण आणि वात. वात म्हटलं की ती जाळायची. पण ती मुळात पिळलेला सुती दोरा आहे, आणि दोरा म्हटल्याबरोबर तिनं दोन कड्या एकत्र बांधता येतात. ही रीत शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा ६७ टक्के जास्त कोडी सोडवली.

आता जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीला या. तिथले शेतकरी गोपाळ भिसे यांनी सायकलीचं कोळपं, म्हणजे पिकातलं तण काढायचं अवजार, बनवलं आणि त्याला ‘कृषिराजा’ नाव दिलं. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याची दखल घेतली. कोळपणीला बैलजोडी लागते, आणि लहान शेतकऱ्याला बैल पाळणं परवडत नाही. मजूर लावावे तर पाऊस उघडला की सगळ्यांची कोळपणी एकाच आठवड्यात येते, मजूर मिळतच नाहीत. सायकल मात्र जवळपास प्रत्येक घरात भिंतीला टेकून उभी असते. सायकल म्हणजे प्रवासाचं साधन, हे एकदा बाजूला ठेवलं तर उरतं काय? धरायला हँडल, कमी जोरात पुढे सरकणारं चाक आणि दोघांना जोडणारा लोखंडी सांगाडा. मागे कोळप्याचं पातं जोडलं की एकटा माणूस कपाशीच्या दोन ओळींमधून ते ढकलत नेतो. मॅकॅफ्रींचे दोन प्रश्न इथे कोणी कागदावर मांडले नव्हते. त्यासाठी सायकलीचं पंक्चर स्वतः काढलेलं, चाक स्वतः खोललेलं असावं लागतं. जी वस्तू आपण कधी उघडलीच नाही, तिचे तुकडे मनात तरी कसे करणार? बंद डब्यासारख्या मिळणाऱ्या आजच्या यंत्रांबद्दल मला हीच धास्ती वाटते.

स्वयंपाकघरात याहून जुनं उदाहरण आहे. खानदेशी मांडे ज्या खापरावर भाजतात ते कुंभाराकडून खास घडवून घेतलेलं असतं, पण आकार पालथ्या घड्याचाच. घड्याचं पोट साठवायला, पाठ भाजायला. मांडे करणाऱ्या बाईचे हात जवळून बघा. गव्हाचं पीठ बारीक वस्त्रगाळ केलेलं, कणीक पाण्याचा हात लावून लावून इतकी मळलेली की ओढली तर तुटत नाही, लांबते. पुरण भरलेला गोळा ती थोडा थापते आणि मग पोळपाट-लाटणं बाजूलाच राहतं. मांडा दोन्ही तळव्यांवरून मनगटांवर, मनगटांवरून पार कोपरापर्यंत फिरत मोठा होत जातो. पोळीचं स्वतःचंच वजन तिला खाली ओढतं आणि ताणतं, लाटण्याचं काम इथे वजन करतं. मग एका झटक्यात तो खापरावर. शिकाऊ सून असेल तर शेजारून आवाज येतो, ‘दाबू नको माय, हात ढिला सोड, ती आपली आपण वाढते.’

यामागचं विज्ञान सांगायचं तर गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी आणि मळणं मिळालं की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. ज्वारी-बाजरीत हे जाळं बनत नाही, म्हणून भाकरी थापावीच लागते, हवेत ताणता येत नाही. खापराची फुगीर पाठही कामाची. एवढी मोठी, पातळ पोळी सपाट तव्यावर टाकली तर सुरकुत्या पडतील. फुगीर पाठीवर तिच्या कडा चहूबाजूंनी खाली ओढल्या जातात आणि ती ताठ बसते. हात, वजन, घड्याचा आकार, यांतल्या एकालाही लाटणं किंवा तवा म्हणून जन्म मिळालेला नाही.

हे झालं वस्तूंचं. पण सुचण्याची वेळही काही विचित्रच असते. खानदेशात हा विषय निघाला की बहिणाबाई चौधरींचं नाव येणारच, आणि ते यायलाही हवं. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या सुचायच्या त्या जात्यावर दळताना, शेतात राबताना, आणि टिपून ठेवल्या त्या मुलानं आणि नातलगांनी. प्रतिभेचा चमत्कार म्हणून आपण हात जोडून मोकळे होतो. पण जात्याकडे जरा नीट बघितलं पाहिजे. दळण म्हणजे हाताला काम आणि डोक्याला मोकळीक. लय ठरलेली, मूठ-मूठ दाणे टाकायचे, चुकायला फारसं काही नाही.

प्रश्न बाजूला ठेवून डोकं मोकळं असण्याच्या या मधल्या अवस्थेला ग्रॅहम वॉलस या ब्रिटिश अभ्यासकानं १९२६ मध्ये अंडी उबवण्याच्या अर्थाचं नाव दिलं. आधी तयारी, मग उबवण, मग लख्ख सुचणं आणि शेवटी तपासून बघणं, अशा त्याच्या चार पायऱ्या. फ्रेंच गणितज्ञ आँरी प्वांकारे यांना एका फलनाचं कोडं कूतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना सुटलं, ही गोष्ट पुष्कळ जण सांगतात. त्याआधी ते कितीतरी दिवस त्या गणितावर घासत बसले होते, हा भाग मात्र गाळतात. २००९ मध्ये ११७ अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा दिसलं की मध्ये खंड घेतल्यानं खरोखरच फायदा होतो, आणि शब्दांच्या कोड्यांच्या बाबतीत तर नुसतं स्वस्थ बसण्यापेक्षा हलकं काम करत घेतलेला खंड जास्त उपयोगी पडतो.

इथे थोडं सावध राहायला हवं. २०१२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात सोपं, कंटाळवाणं काम करून परतलेल्यांची वस्तूंच्या उपयोगांची यादी जवळपास ४० टक्क्यांनी सुधारली होती. श्रेय दिलं गेलं मन भटकण्याला. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले, तेव्हा भटकणाऱ्या मनाचा तो फायदा दिसला नाही. खंडाचा उपयोग आहे हे बऱ्यापैकी पक्कं, पण तो नेमका कशामुळे होतो यावर अजून वाद चालू आहे. चालण्याचा पुरावा जरा ठणठणीत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१४ च्या अभ्यासात बसण्याऐवजी चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या, तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालताना. एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालणारे किंचित मागेच पडले. म्हणजे दुकानाचा हिशेब बसूनच करावा.

आता गल्लीत उन्हाळ्याचे पापड लाटायला बायका जमतात, तेव्हा मधोमध मोबाईल उभा असतो आणि त्यावर मालिका चालू. तक्रार नाही, राबणाऱ्या माणसाला करमणूक हवीच. पण हात गुंतलेले आणि डोकं रिकामं, अशी जी वेळ दळण-कांडणात आपोआप मिळायची, ती आता कोणालाच मिळत नाही, एवढं खरं.

‘अभावातूनच कल्पना जन्मते’ असं म्हणत जुगाडाचं कौतुक करणाऱ्यांशी माझं जमत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी, हात आखडलेले असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, अशी दोनदा चाचणी घेतली. आधीच्या चाचणीत तीच माणसं आकृत्यांची कोडी सोडवण्यात कमी पडली. अक्कल तीच होती, पण उधारी, हप्ते, दुकानदाराचे फोन यांनी डोक्यातली जागा व्यापली होती. कपाशीचा भाव पडलेल्या वर्षी कोणत्याही ओट्यावर बसून बघा, हे समजायला प्रयोगाची गरज पडत नाही. साधनांची चणचण एखाद्या वेळी सायकलीतून कोळपं काढायला लावते. पैशांची चणचण बहुतेकदा नुसती झोप उडवते.

एखादी गोष्ट दिसणं आणि ती हाती येणं यात किती वर्षं जातात, याचं उदाहरण खानदेशच्या केळीबागांत पसरलेलं आहे, ते म्हणजे ठिबक सिंचन. १९३० च्या दशकात सिम्चा ब्लास या पाणी अभियंत्याला एक झाड दाखवण्यात आलं. कोणी पाणी देत नसताना ते भलतंच वाढलं होतं. ब्लासनं उकरून बघितलं, तर जवळून जाणाऱ्या नळाचा सांधा गळत होता. वर ओल टिचभर, पण खाली ती कांद्याच्या आकारात पसरून मुळांपर्यंत पोचलेली. कल्पना तिथेच सुचली, उपयोग मात्र नव्हता, कारण लोखंडी नळ शेतभर कोण अंथरणार? स्वस्त प्लास्टिक आल्यावर ब्लासनं मुलाला हाताशी धरून पुन्हा काम सुरू केलं. बारीक भोकं बुजतात, हा पुढचा अडथळा. त्यावर त्यानं पाण्याला लांब, नागमोडी वाटेनं जायला लावलं. घर्षणानं वेग मरतो, त्यामुळे भोक मोठं ठेवूनही पाणी थेंबथेंबच पडतं. १९६५ मध्ये इस्रायलमधल्या हात्झेरीम इथे त्याच्या उत्पादनासाठी कंपनी उभी राहिली. गळका सांधा दिसल्याला तोवर तीसेक वर्षं होऊन गेली होती.

रावेरच्या काळ्या भारी जमिनीत ओलीचा हा कांदा रुंद आणि उथळ होतो, हलक्या वाळूसर जमिनीत अरुंद आणि खोल. जाणता शेतकरी ड्रिपरखाली, म्हणजे थेंब पडतो त्या तोंडाखाली, खुरप्यानं उकरून बघतो आणि मग दोन ड्रिपरमधलं अंतर ठरवतो. वरची टिचभर ओल बघून पाणी कमी पडतंय असं समजणारे आणि रात्रभर मोटार चालू ठेवणारेही काही कमी नाहीत.