जनुक शाबूत, पण बंद : कॅन्सरमधल्या मिथिलेशनची पार्श्वभूमी

कॅन्सर हा जनुकांमधल्या बिघाडाचा आजार. पण बिघाड म्हणजे मोडतोडच, असं संशोधक बराच काळ धरून चालले, कारण मोडतोड दिसत होती. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र आखूड झालेलं आढळलं. तुकडा गेला कुठे, हे कळायला १९७३ उजाडलं. तोवर गुणसूत्रांवर पट्टे उमटवण्याची पद्धत आली होती. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केल्याचं दाखवलं. त्याच वाटेवर २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध बाजारात आलं. ही कथा सगळीकडे सांगितली जाते, आणि सांगावी अशीच आहे.

तिच्यापुढे दुसरी झाकोळली गेली. काही गाठींमध्ये जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं, तरी ते गप्प असतं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी, म्हणजे सायटोसिन, यावर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट बसतो. यालाच मिथिलेशन म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीला अशी दाटी झाली की पेशी ते जनुक वाचतच नाही. सूक्ष्मदर्शकात हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिला सुगावा जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइम्सनी) दिला. हपा-२ आणि एमएसपी-१ ही दोन्ही विकरं सीसीजीजी ही अक्षरं दिसली की डीएनए कापतात. मात्र आतल्या सी वर मिथाइल असेल तर हपा-२ अडतं, एमएसपी-१ कापून मोकळं होतं. दोघांच्या तुकड्यांत फरक दिसला, की तिथे मिथाइल आहे. ही युक्ती वापरून १९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी एकाच रुग्णाची गाठ आणि निरोगी ऊती ताडून पाहिली. गाठीत मिथाइल कमी निघालं. काही वर्षांत स्टीफन बेलिन वगैरेंना नेमकं उलटं सापडू लागलं. गोंधळ उडाला खरा, पण दोघंही बरोबर होते : एकूण डीएनएवरचं मिथाइल घटतं आणि गाठीला आवर घालणाऱ्या पी१६सारख्या काही जनुकांच्या तोंडाशी मात्र ते साचतं.

अडचण अशी, की ही विकरं ठरावीक अक्षरांपुरतीच बोलतात. पीसीआरने डीएनएच्या प्रती काढाव्यात, तर मिथाइल प्रतीत उतरतच नाही. जे शोधायचं तेच पुसलं जायचं. तोडगा १९९२ मध्ये सिडनीत मारियान फ्रॉमर यांच्या गटाने काढला. डीएनएला बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया दिली की साध्या सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि पुढे ते टी म्हणून वाचलं जातं. मिथाइलवालं सायटोसिन सी च राहतं. न दिसणारी खूण अशी अक्षरांत उतरली. या प्रक्रियेत डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि बराच वायाही जातो, तरी तिने पुढची कित्येक वर्षं राज्य केलं. १९९६ मध्ये जेम्स हर्मन आणि बेलिन यांनी तिच्या आधारे मिथाइल आहे की नाही हे थेट सांगणारी पीसीआरची पद्धत काढली आणि ही तपासणी साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली.

औषधाची वाट वेगळीच. १९६४ मध्ये प्रागमध्ये तयार झालेलं अझासिटिडिन सुरुवातीला पेशी मारणारं विष म्हणूनच वापरलं जाई. ते मिथाइल उतरवतं, हे पीटर जोन्स यांनी १९८० मध्ये दाखवलं. अमेरिकेत मंजुरी मिळाली २००४ साली.

मिथाइल दर वेळी रुग्णाच्या मुळावरच उठतं असंही नाही. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये टेमोझोलोमाइड हे औषध गाठीचा डीएनए बिघडवतं आणि एमजीएमटी हे जनुक तो दुरुस्त करतं. मिथाइलने हे जनुक बंद असेल तर औषध जास्त लागू पडतं, असं २००५ च्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे अहवालातलं ‘एमजीएमटी मिथिलेटेड’ वाचून नातेवाईक दचकतात, पण उपचाराच्या दृष्टीने ती त्यातल्या त्यात बरी बातमी असते.